युग आधी पाच वर्षांचे होते

लगधाच्या वेदांगज्योतिषात युग पाच वर्षांचे आहे. माघ शुद्ध प्रतिपदेला, उत्तरायणाच्या आरंभी, सूर्य आणि चंद्र धनिष्ठांपाशी एकत्र असताना ते सुरू होते. १८३० दिवसांनी दोघे पुन्हा तिथेच भेटले की दुसरे युग लागते. मधल्या काळात ६० सौर मास होतात, ६२ चांद्र मास होतात आणि चंद्राच्या नक्षत्रचक्रातून ६७ फेऱ्या होतात. या हिशोबाने साठी गाठलेल्या माणसाने बारा युगे पाहिलेली असत.

आज हाच शब्द आपण अफाट काळासाठी वापरतो. युगानुयुगे चालत आलेली रूढी, युगायुगांचे नाते, वाट पाहता पाहता लोटलेले युग. त्याचा थोरला भाऊ कल्प. जे कधीच घडणार नाही ते ‘कल्पांतीही’ घडणार नाही. ताऱ्यांच्या गणितातला एक पारिभाषिक शब्द असा बेसुमार कसा वाढला, याचे जे उत्तर सर्वत्र दिले जाते ते मला चूक वाटते. ते का चूक आहे हे सविस्तर मांडणे हाच या लेखाचा हेतू.

हे उत्तर दोन तोंडांनी दिले जाते. पहिले तोंड उपहासाचे आहे. १८३५ सालच्या आपल्या प्रसिद्ध टिपणात मेकॉलेने हिंदूंच्या इतिहासातल्या तीस-तीस हजार वर्षे राज्य करणाऱ्या राजांची टर उडवली आणि इथल्या ज्योतिषालाही हसण्याजोगे ठरवले. मोठे आकडे म्हणजे बेलगाम कल्पना, मोजमापाची सवय नसलेल्या समाजाची लक्षणे, असा हा पक्ष. तो इंग्रजांबरोबर गेला नाही. सुशिक्षित मराठी घरांतून तो अजून ऐकू येतो. दुसरे तोंड अभिमानाचे आहे. कल्प ४३२ कोटी वर्षांचा, पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षे. म्हणजे विज्ञानाने काल शोधले ते ऋषींना आधीच ठाऊक होते, असा हा पक्ष. व्याख्यानांतून, पुस्तकांतून आणि आता मोबाइलवरच्या निरोपांतून तो घरोघर पोचला आहे.

दोन्ही पक्षांचे वैर मोठे असले तरी दोघांनी एकच गोष्ट न तपासता धरली आहे. ४३,२०,००० किंवा ४,३२,००,००,००० हे आकडे जगाचे वय सांगण्यासाठी मांडले गेले, असे दोघेही मानतात. एकाला ते वय खोटे वाटते, दुसऱ्याला खरे. सिद्धांतग्रंथ उघडून हे आकडे तिथे कोणते काम करतात, हे दोघेही पाहत नाहीत. माझे म्हणणे असे की गणिती ग्रंथांत युग हा छेद आहे, अपूर्णांकाच्या रेघेखाली लिहायची संख्या. तो वाढला कारण वरचा अंश अधिक बारकाईने लिहायचा होता.

आधी हे काम समजून घेऊ. ज्योतिषाला एकच प्रश्न रोज सोडवायचा असतो: आज अमुक ग्रह कुठे आहे? त्यासाठी सिद्धांतकार दोन संख्या देतात. एका युगात ग्रहाच्या नक्षत्रचक्रातून किती पूर्ण फेऱ्या होतात, म्हणजे त्याचे भगण. आणि त्याच युगात किती सावन दिवस, म्हणजे सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचे दिवस, असतात. मग आरंभापासून आजवर लोटलेल्या दिवसांचा, म्हणजे अहर्गणाचा, भगणांशी गुणाकार करायचा आणि युगाच्या दिवसांनी भागायचे. साधे त्रैराशिक. पूर्ण फेऱ्या सोडून द्यायच्या. उरलेला अपूर्णांक म्हणजे ग्रहाचे मध्यम स्थान. या पद्धतीत युगाला एकच अट पाळावी लागते: त्यात प्रत्येक ग्रहाच्या फेऱ्या पूर्णांकात बसल्या पाहिजेत. रुपयांचा हिशोब पैशांत मांडला की अपूर्णांक उरत नाही, तसाच हा प्रकार आहे.

आता लगधाच्या पाच वर्षांकडे पुन्हा पाहावे. आधुनिक मानाने ६२ चांद्र मासांचे दिवस सुमारे १८३०.९ भरतात. म्हणजे चंद्राच्या बाबतीत हे युग दिवसभराच्या आत बिनचूक आहे. सूर्याच्या बाबतीत मात्र ते ढिले आहे: पाच नाक्षत्र वर्षांचे दिवस १८२६.३ होतात, तेव्हा दर युगात पावणेचार दिवसांच्या आसपास फरक पडतो आणि चाळीस वर्षांत तो महिनाभराचा होतो. शिवाय त्यात ग्रहच नाहीत. पाच वर्षांत शनी राशिचक्राचा जेमतेम सहावा हिस्सा चालतो; त्याची फेरी या युगात पूर्णांकाने सांगता येणेच शक्य नाही. छोटे युग सूर्यचंद्रांच्या तिथींपुरते ठीक होते. गुरू आणि शनी हिशोबात घ्यायचे म्हटले की युगाला वाढण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ही वाढ डोळ्यांनी पाहता येते. गुरूची फेरी सुमारे बारा वर्षांची, शनीची सुमारे तीस वर्षांची. पाच वर्षांचे युग बारा वेळा घेतले की साठ वर्षे होतात आणि तेवढ्यात गुरूच्या साधारण पाच व शनीच्या साधारण दोन फेऱ्या पुऱ्या होतात. प्रभवादी साठ संवत्सरांचे चक्र ते हेच. गुढीपाडव्याला पंचांगात संवत्सराचे जे नाव वाचतो ते त्यातले. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत या साठ वर्षांचे बारा युगांत विभाजन केले आहे, प्रत्येक युग पाच वर्षांचे.

वराहमिहिराचाच दुसरा ग्रंथ, पंचसिद्धांतिका, हा माझ्या म्हणण्याचा मुख्य साक्षीदार. तो त्याने शके ४२७ हे वर्ष धरून रचला, म्हणजे इ. स. ५०५; थीबो आणि सुधाकर द्विवेदी यांनी तो १८८९ साली काशीहून प्रसिद्ध केला. वराहमिहिराने आपल्या काळी उपलब्ध असलेले पाच सिद्धांत त्यात एकत्र सांगितले आहेत आणि त्यांत युगाची लांबी एकसारखी नाही. पैतामह सिद्धांतात युग पाच वर्षांचे आहे, लगधाच्या परंपरेतले. रोमक सिद्धांतात ते २,८५० वर्षांचे आहे. त्यात १,०५० अधिमास आणि १६,५४७ क्षयतिथी. सौर सिद्धांतात ते १,८०,००० वर्षांचे आहे. त्यात ६६,३८९ अधिमास आणि १०,४५,०९५ क्षयतिथी. एकाच ग्रंथात, एकाच लेखकाच्या हाताने, एकाच शब्दाचे तीन अर्थ शेजारी शेजारी आले आहेत आणि वराहमिहिराला त्यात विसंगती वाटत नाही. युग म्हणजे जगाच्या इतिहासातला ठरलेला कालखंड असता तर असे लिहिणे अशक्य होते. युग म्हणजे गणिताला सोयीचे चक्र, हे वाचक जाणतो असे गृहीत धरूनच तो लिहितो.

ही चक्रे काय देतात तेही तपासून पाहावे. रोमकाच्या २,८५० वर्षांत १०,४०,९५३ सावन दिवस होतात. भागाकार केला की वर्ष ३६५ दिवस, ५ तास, ५५ मिनिटे आणि १२ सेकंदांचे येते. हे ग्रीक ज्योतिषी हिपार्कसचे सायन वर्ष आहे. यवनांकडून आलेले मान युगाच्या साच्यात ओतून घेतले आहे. सौराच्या १,८०,००० वर्षांत ६,५७,४६,५७५ दिवस होतात. या संख्येला २४ ने गुणले की १,५७,७९,१७,८०० येतात आणि वर्षे होतात ४३,२०,०००. हेच पुढे महायुग. ब्रह्मगुप्ताने खंडखाद्यकात ज्या अर्धरात्रिक, म्हणजे दिवस मध्यरात्री सुरू करणाऱ्या, पक्षाची माने घेतली त्यात दिवसांची संख्या अगदी हीच आहे. पुराणांतून ऐकू येणारा तो प्रचंड आकडा सौरातल्या लहान चक्राची चोवीसपट आहे. दोन्ही अपूर्णांक तंतोतंत एकच.

आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास हेच ४३,२०,००० आपल्या अक्षरसंकेतात ‘ख्युघृ’ या दोन अक्षरांत बसवले. त्याच्या युगात चंद्राचे भगण ५,७७,५३,३३६, गुरूचे ३,६४,२२४, शनीचे १,४६,५६४. चंद्राच्या भगणांतून सूर्याचे वजा केले की चांद्र मास ५,३४,३३,३३६ मिळतात. युगाचे दिवस त्याच्या मते १,५७,७९,१७,५००. भागाकार करा: एका चांद्र मासाचे २९.५३०५८२ दिवस. आजचे मान २९.५३०५८९. फरक एका सेकंदाच्या आत आहे. पाच वर्षांच्या युगाने चांद्र मास सुमारे २९.५१६ दिवसांचा येत होता. ‘बेलगाम कल्पना’ म्हणून ज्या आकड्याची थट्टा झाली त्यातून महिना एका सेकंदाच्या आत येतो, हे थट्टा करणाऱ्यांपैकी कोणी भागाकार करून पाहिले नाही याचे मला खरोखर दुःख होते.

मोठा छेद म्हणजे आपोआप अचूकता नव्हे, हेही इथेच नोंदवायला हवे. आर्यभटाचे वर्ष खऱ्या नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे सव्वातीन मिनिटांनी मोठे आहे. छेद अचूकतेला जागा करून देतो. ती जागा भरायला वेध घ्यावे लागतात, आणि सूर्याच्या बाबतीत ते तितके चांगले साधले नव्हते.

आता कल्पाकडे येऊ. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांत लिहिला तेव्हा त्याने युग सोडून सगळे भगण कल्पाचे दिले. कल्प म्हणजे हजार महायुगे. गुरूचे भगण ३६,४२,२६,४५५. आर्यभटाच्या ३,६४,२२४ शी तुलना करायची तर याला हजाराने भागावे: ३,६४,२२६.४५५. दशांश चिन्हाच्या पुढे तीन अंक! त्या काळी पूर्णांकांची दशमान लेखनपद्धती होती, दशांश अपूर्णांकांची पद्धत नव्हती. ज्याला तीन स्थळे अधिक बारीक लिहायचे होते त्याच्यापुढे सरळ मार्ग एकच होता: छेद हजारपट करणे. कल्पातली तीन शून्ये हे त्या तीन स्थळांचे घर आहे.

दुसरे कारण याहून रोचक आहे. ग्रहांच्या कक्षांना मंदोच्चे असतात, म्हणजे ग्रह जिथे सर्वांत संथ चालतो ती ठिकाणे, आणि ही मंदोच्चेही फिरतात असे सिद्धांतकारांनी मानले. पण किती सावकाश! आज प्रचलित असलेल्या सूर्यसिद्धांतात सूर्याच्या मंदोच्चाचे कल्पात ३८७ भगण दिले आहेत, शनीच्या मंदोच्चाचे अवघे ३९. म्हणजे शनीच्या मंदोच्चाची एक फेरी अकरा कोटी वर्षांहून अधिक काळाची. हा वेग ४३ लाख वर्षांच्या युगात पूर्णांकाने मांडताच येत नाही. जे जवळपास स्थिर आहे त्यालाही सगळ्यांबरोबर एकाच आरंभबिंदूपासून निघायला लावायचे, तर युग पुरत नाही, कल्प लागतो. इंग्रजीत ‘ॲस्ट्रॉनॉमिकल’ या विशेषणाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘प्रचंड’ असा अर्थ चिकटला तो आकाशातली अंतरे आणि त्यांचे आकडे पाहून, मोजलेल्या वस्तूच्या मोठेपणावरून. आपल्याकडे मापच मोठे झाले, आणि ते सर्वांत संथ वस्तूसाठी झाले.

प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट प्रमाण आता पुढे घ्यायला हवे, कारण ते टाळून केलेले खंडन अपुरे राहील. महाभारतात आणि मनुस्मृतीत बारा हजार वर्षांचे चतुर्युग आहे. कृत, त्रेता, द्वापर आणि कली ४:३:२:१ या प्रमाणात. ही चार नावे फाशांच्या दानांची, आणि प्रमाणही तिथलेच. बारा हजार दिव्य वर्षांना ३६० ने गुणले की ४३,२०,००० येतात. म्हणजे हा आकडा वेधातून निघालेला नाही. लोकमान्य टिळकांनी ‘आर्क्टिक होम’मध्ये असे मांडले की ही बारा हजार वर्षे मुळात साधीच होती आणि पुराणकारांनी पुढे ती दिव्य ठरवून फुगवली. तिकडे बाबिलोनचा बेरोसस प्रलयापूर्वीच्या दहा राजांना ४,३२,००० वर्षे देतो, ३,६०० वर्षांची १२० आवर्तने. हे सगळे मला मान्य आहे. त्याहून पुढे जाऊन ब्रह्मगुप्त रोमक सिद्धांताला स्मृतिबाह्य म्हणतो, कारण त्यात स्मृतींनी सांगितलेली युगे, मन्वंतरे आणि कल्प नाहीत. आणि आर्यभटालाही दोष देतो, कारण त्याने युगाचे चार पाद समान, प्रत्येकी १०,८०,००० वर्षांचे केले. परंपरेचा दाब इतका स्पष्ट असताना युगाला गणिताचे साधन कसे म्हणायचे?

उत्तर दिवसांच्या संख्येत आहे. ४३,२०,००० वर्षांत आर्यभट १,५७,७९,१७,५०० दिवस मानतो, अर्धरात्रिक पक्ष १,५७,७९,१७,८००, सूर्यसिद्धांत १,५७,७९,१७,८२८, आणि स्मृतींचा कैवार घेणारा ब्रह्मगुप्त १,५७,७९,१६,४५०. वर्षे चौघांची एक, दिवस चौघांचे चार. स्मृतीने जे दिले तेवढे कोणी हलवले नाही. ग्रहांची स्थिती ज्यावर अवलंबून ते प्रत्येकाने आपल्या वेधाप्रमाणे बदलले. चौकट धर्मपरंपरेकडून घेतली, कारण काहीतरी छेद घ्यायचाच होता आणि हा उत्तम होता: १२, ३० आणि ३६० ने तो निःशेष भागला जातो. आतला हिशोब कोणत्याही ऋषीच्या नावाने बंद केला नाही. खुद्द आर्यभटाने तर चौकटही वाकवली. ४:३:२:१ हे प्रमाण त्याने मोडले, आणि त्याचे कारण अंकांतच दिसते. त्याच्या युगातले सूर्य, चंद्र आणि पाचही ग्रहांचे भगण चारने निःशेष भागले जातात. त्यामुळे प्रत्येक पादाच्या आरंभी सगळे एका बिंदूवर येतात, आणि तीन पाद संपल्यावर, म्हणजे कलियुगाच्या आरंभीही. चंद्रोच्चाचे, म्हणजे चंद्राच्या मंदोच्चाचे, भगण ४,८८,२१९ चारने भागले जात नाहीत. म्हणून चंद्रोच्च कलीच्या आरंभी बरोबर ९० अंशांवर उरते.

शिवाय निव्वळ भव्यता व्यक्त करायला आकडा लागतच नाही. गिरनारच्या शिलालेखात अशोक आपले धर्माचरण कल्पाच्या अंतापर्यंत टिकेल असे म्हणतो, पण कल्प किती वर्षांचा ते सांगत नाही. बौद्ध सूत्रांत कल्प किती मोठा याचे उत्तर पर्वत शंभर वर्षांतून एकदा काशीच्या तलम वस्त्राने पुसण्याच्या दृष्टांताने दिले आहे. पर्वत झिजून जाईल, कल्प संपणार नाही. धर्माला अथांगपणा हवा होता आणि तो त्याने असा मिळवला. वर्षांच्या आणि भगणांच्या एककापर्यंत नेमके आकडे ज्याला हवे होते तो माणूस वेगळा. त्याला तिथी सांगायची होती, ग्रहण सांगायचे होते.

अभिमानी पक्षाला या लेखाचा राग येईल. पण त्याचे खंडन त्याच्याच पंचांगात आहे. संकल्पात आपण म्हणतो की सातव्या, वैवस्वत मन्वंतरातले अठ्ठाविसावे महायुग चालू आहे. पंढरीच्या विठ्ठलाच्या आरतीतल्या अठ्ठावीस युगांशी तो आकडा जुळतो. हा हिशोब पूर्ण केला तर चालू कल्पाची सुमारे १९७ कोटी २९ लाख वर्षे झाली आहेत, आणि बरीच पंचांगे सृष्टीची गत वर्षे १९५ कोटी ५८ लाखांच्या घरात छापतात. ४३२ कोटी ही ब्रह्मदेवाच्या दिवसाची पूर्ण लांबी आहे, सृष्टीचे आजचे वय नव्हे. पृथ्वीच्या ४५४ कोटींशी तुलना करायची तर १९५ किंवा १९७ कोटींची करावी लागेल आणि ते अर्ध्यालाही पुरत नाहीत. कार्ल सेगनने १९८० च्या ‘कॉसमॉस’ मालिकेत हिंदू कालमानाची आणि आधुनिक विश्वशास्त्राची सांगड घातली, तेव्हा ही जुळणी निःसंशय योगायोगाची आहे असेही त्याच वाक्यात म्हटले होते. त्याचा दाखला देणारे तेवढा भाग गाळतात. १८९७ साली लॉर्ड केल्विन पृथ्वीचे वय २ ते ४ कोटी वर्षे सांगत होता. त्या वेळी कल्पाचा आकडा कोणत्याही विज्ञानाशी जुळत नव्हता. १९५६ साली क्लेअर पॅटरसनने उल्काश्मांतल्या शिशाच्या समस्थानिकांवरून ४५५ कोटी हे वय काढले आणि मग जुळणी दिसू लागली. विज्ञानाचा आकडा बदलला की जे खरे ठरते आणि पुन्हा बदलला की खोटे ठरेल, ते आपल्या पूर्वजांचे कर्तृत्व म्हणून मिरवणे हा त्यांचाच अपमान आहे, कारण त्यांचे खरे कर्तृत्व त्यामुळे झाकले जाते.

१९७ आणि १९५ कोटींमधला फरक कुठून आला, हे पाहिले की ते कर्तृत्व उघडे पडते. सूर्यसिद्धांत म्हणतो की ब्रह्मदेवाला चराचर सृष्टी घडवायला ४७,४०० दिव्य वर्षे लागली, म्हणजे १,७०,६४,००० मानवी वर्षे. ग्रहांची गती त्यानंतर सुरू झाली. ऐकायला ही पुराणकथा वाटते. आता गणित करू. सूर्यसिद्धांताचे सगळे ग्रहभगण चारने भागले जातात, म्हणून ग्रह दर १०,८०,००० वर्षांनी एकत्र येतात. कल्पारंभापासून या महायुगातल्या कृतयुगाच्या शेवटापर्यंत १,९७,०७,८४,००० वर्षे होतात. याला १०,८०,००० ने भागले तर १,८२४.८ येतात, पूर्णांक नाही. म्हणजे तेव्हा ग्रह एकत्र नसणार, आणि पुढे कलियुगाच्या आरंभीही नसणार. सृष्टिरचनेची १,७०,६४,००० वर्षे वजा करा: १,९५,३७,२०,००० उरतात, आणि भागाकार बरोबर १,८०९ येतो. ती चमत्कारिक वाटणारी वर्षे हा शेष जुळवून घेण्याचा संस्कार, म्हणजे दुरुस्ती, आहे. मन्वंतरांची परंपरा मोडायची नाही, ग्रहांची माने बिघडू द्यायची नाहीत, म्हणून मधली तूट सृष्टिकर्त्याच्या नावावर लिहिली. या कारागिरीला जो भाकडकथा म्हणतो त्याने ती वाचलेली नाही. जो तिला दिव्यज्ञान म्हणतो त्यानेही वाचलेली नाही.

कलियुगाचा आरंभही याच जातीचा. इ. स. पूर्व ३१०२ च्या फेब्रुवारीत सगळे ग्रह एकत्र होते असे सिद्धांत मानतात. १७८७ साली फ्रान्समध्ये बाय्यी या ज्योतिर्विदाने ते प्रत्यक्ष पाहिलेले आकाश मानले आणि भारतीय ज्योतिषाला पाच हजार वर्षांचे वय दिले. लाप्लासने ते नाकारले: ही युती मागे गणित करून काढलेली आहे. लाप्लासचे बरोबर होते. आजच्या गणिताने पाहिले तर त्या दिवशी ग्रह एका बिंदूवर नव्हते, बऱ्याच अंशांत पसरलेले होते. पाचव्या-सहाव्या शतकातल्या वेधांशी जुळणारी सर्वांत सोयीची एकत्र सुरुवात मागे शोधत गेल्यावर जी तारीख हाती लागली ती कलियुगाची.

हे सगळे इथल्या ज्योतिषांना माहीत होते. ग्रंथांचे त्यांनी केलेले वर्गीकरणच तसे आहे: कल्पापासून गणित करणारा तो सिद्धांत, युगापासून करणारे ते तंत्र, जवळचा सोयीचा शक धरून करणारे ते करण. आरंभ कुठे धरायचा हा गणकाच्या गरजेचा प्रश्न. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणीत तर सरळच लिहिले. ब्रह्मदेवाच्या आयुष्यातली किती वर्षे गेली यावर मतभेद आहेत, कोणी निम्मे आयुष्य म्हणतो, कोणी साडेआठ वर्षे. कोणताही आगम खरा असो, इथे त्याचा उपयोग नाही, कारण ग्रह साधायचे ते चालू दिवसाच्या गत भागावरून, असा त्यांच्या श्लोकाचा आशय आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ या १८९६ सालच्या ग्रंथात या सिद्धांतांची माने एकमेकांशी ताडून मराठीत मांडलेली आहेत. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हा ग्रंथ आपल्या भाषेत असताना मेकॉलेची थट्टा आणि पृथ्वीच्या वयाचा अभिमान, दोन्ही मराठीतच चालू राहावेत, ही गोष्ट मला बोचते.

कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० साली, ग्रहलाघव हे करण रचले तेव्हा त्याने कोट्यवधी दिवसांचा अहर्गण बाजूला ठेवला. त्याने अकरा वर्षांचे चक्र घेतले, ४,०१६ दिवसांचे. प्रत्येक चक्राला ठरावीक ध्रुवांक वजा करायचा आणि उरलेल्या थोड्या दिवसांवर गणित करायचे. ग्रहांची माने त्याने एका ग्रंथातून घेतली नाहीत; सूर्यसिद्धांताचा सौर, आर्यभटाचा आर्य आणि ब्रह्मगुप्ताचा ब्राह्म अशा तीन पक्षांतून निवडली. सूर्य सौर पक्षाचा घेतला. चंद्रही त्याच पक्षाचा, पण नऊ कलांनी कमी करून. मंगळ, गुरू आणि राहू आर्यपक्षाचे. शुक्राचे केंद्र ब्राह्म आणि आर्य पक्षांच्या मध्यावर धरले. शनी आर्यपक्षाचा घेतला आणि त्यात पाच अंश मिळवले. त्याचे वडील केशव दैवज्ञ स्वतः वेध घेत, आणि आकाशात दिसणारा ग्रह तिन्ही पक्षांच्या ग्रहांपासून किती सरकला आहे हे त्यांनी नोंदवून ठेवले होते. पुढची शेकडो वर्षे महाराष्ट्रातली पंचांगे ग्रहलाघवावरून झाली: आरंभीच्या पानावर सृष्टीची १९५ कोटी वर्षे, आणि आतले ग्रह अकरा वर्षांच्या चक्रातून.